रोहूला चार मिश्या: भिंतीवरच्या फायबर माशाचा एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात माशाच्या शेपटीचं वरचं पातं सांध्यात तडकलं आणि बनवणाऱ्याने फोनवर "तुमच्या भुसावळचं ऊनच तसलं आहे, साहेब" म्हणून हात वर केले. म्हणून हे लिहायला बसलो. लिहायचं तसंही होतं, पण त्याचं कारण शेपटी नव्हती, तोंड होतं. शेपटीचं नंतर सांगतो. आधी तोंड.

रेप्लिका म्हणजे माशाच्या मापावर केलेली फायबरची प्रतिकृती, स्किन माउंट म्हणजे खऱ्या माशाची कातडी चढवून केलेला नमुना. आता थेट माझ्या माशावर येतो. हतनूर धरणाच्या फुगवट्यातला रोहू. लांबी ३३ इंच, पाठीच्या पंखापुढे घेर २२ इंच. काट्यावर पावणेनऊ किलोच्या आसपास. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ८०० हे परदेशातल्या गळवाल्यांचं सूत्र लावलं तर २० पौंड येतात, म्हणजे ९ किलो. काटा आणि सूत्र जवळजवळ जुळले, त्यामुळे मापं नीट घेतली गेली होती याबद्दल मला शंका नाही. ओल्या पोत्यावर आडवा ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो, पंख पसरून फोटो, तोंडाचा जवळून फोटो, आणि मग मासा परत पाण्यात. पोटाखाली हात धरून थांबलो, दमात आल्यावर त्यानेच शेपटी मारली आणि गेला.

सोडला कशाला, हा प्रश्न मला बाजारात, नातेवाइकांत आणि घरातही विचारला जातो. एवढा मोठा रोहू रोज दिसत नाही. आपल्या धरणांतले रोहू-कतला मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली हिरालाल चौधुरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं, त्यानंतर बीज हवं तेवढं मिळू लागलं आणि गावोगावच्या धरणांत पडलं. साचलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. जो मासा ठेकेदाराच्या जाळ्यातून वर्षानुवर्षं वाचून एवढा झाला, तो पुढच्या पुरात वर चढून काही करू शकतो. मी त्याचा रस्सा केला असता तर दोन जेवणं झाली असती.

पण सोडल्यावर हातात काहीच उरत नाही, हेही खरं. फोटो मोबाइलमध्ये राहतो आणि फोटोतला मासा किती मोठा हे कोणालाच पटत नाही. हात लांब करून धरला असेल, असंच प्रत्येक जण म्हणतो. भिंतीवर ३३ इंच टांगले की वाद संपतो. गळवाल्यांना माउंटचं एवढं वेड का, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच: तो मासा, त्याच मापाचा, त्याच अंगाचा, डोळ्यांसमोर पाहिजे. कुठला तरी मासा नको.

म्हणून रेप्लिका मागवली. दर इंचाला ६५० रुपये. ३३ इंचाचे २१,४५०. लाकडी खोक्यासकट कुरिअरचे १,८००. अर्धे पैसे आगाऊ. मुदत सांगितली त्याच्या दुप्पट वेळ लागला, पण हाताचं काम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खोकं उघडलं तेव्हा मी खूश झालो, हे स्पष्ट लिहितो. रंगकाम उत्तम होतं. पाठ निळसर-तपकिरी, कडेला चांदी, प्रत्येक खवल्यावर विटकरी ठिपका, पोटाकडे पांढुरकं. पंखांना काळपट लाली. त्याच रात्री दोन ओळी लिहून पाच तारेही देऊन टाकणार होतो.

भिंतीवर नजरेच्या थोडा वर टांगला आणि खाली खुर्चीवर बसून वर पाहिलं. तोंडाला चार मिश्या.

रोहूला चार मिश्या नसतात. रोहूला एकच जोडी, तीही बारीक, ओठाच्या बाजूच्या घडीत दडलेली. बोटाने घडी उघडली तर दिसते. कतल्याला तर मिशीच नाही. चार मिश्या, दोन आखूड दोन लांब, ठसठशीत बाहेर लोंबणाऱ्या, असतात सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्पला. मग एकदा संशय आल्यावर सगळंच पाहिलं. रोहूचं तोंड खालच्या अंगाला असतं, खालचा ओठ जाड आणि कडेला झालरीसारखा कातरलेला. इथे तोंड पुढच्या टोकाला, ओठ गुळगुळीत. मधल्या रेषेवरचे खवले मोजले. रोहूला ते चाळीसच्या पुढे असतात, साधारण ४० ते ४४. माझ्या भिंतीवरच्या माशाला ३७. पाठीचा पंख रोहूला आखूड, सायप्रिनसला लांबलचक, मागे शेपटीकडे जाणारा. इथे पंख आखूड होता, पण त्याच्या मागे पाठीवर घासून बुजवलेली जागा बोटाला लागत होती. म्हणजे परदेशी कार्पचा तयार साचा घेतला, पंख कापला, वरून रोहूचा रंग मारला.

शिरपूरचा मित्र त्या आठवड्यात आला होता. तापीकाठी वाढलेला माणूस, लहानपणापासून भोई मंडळींबरोबर पाण्यात. त्याला मी काही बोललो नव्हतो. तो भिंतीजवळ गेला, वाकून तोंड पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हाऊ रोहू नही शे. हाऊ ते सायप्रिनस शे." तेव्हापासून मला त्या भिंतीकडे बघताना दुसरं काही दिसत नव्हतं.

बनवणाऱ्याला तोंडाचे फोटो पाठवले, मी आधी पाठवलेला खऱ्या माशाचा फोटोही शेजारी लावून पाठवला. उत्तर आलं: लांबी बरोबर आहे, घेर बरोबर आहे, रंग बरोबर आहे, मिश्या कोण बघतं?

गळवाला बघतो. ज्याने तो मासा हातात धरला, गळ काढायला त्याच्या तोंडात बोटं घातली, त्याला ते तोंड पाठ असतं. मी गळ खालच्या ओठातूनच काढला होता, त्या झालरीतून. बाकी सगळं बरोबर आणि नेमकं तेच चुकीचं, तर २१ हजार कशाचे दिले?

हा हट्ट माझ्या एकट्याचा नाही. लंडनमध्ये व्हिक्टोरियन काळात कूपर नावाची पेढी होती, ती फुगीर काचेच्या पेट्यांमध्ये मासे बसवून द्यायची. मागे नदीकाठची रंगवलेली पाणगवतं, आणि काचेवर सोनेरी अक्षरांत माशाचं नाव, वजन, कोणी धरला, कुठे, कोणत्या तारखेला. आज त्या पेट्यांना लिलावात मोठी किंमत येते. पेटीतला मासा म्हणजे त्या काचेवर लिहिलेलाच मासा, हे गृहीत धरूनच ती येते. आपल्याकडे म्हैसूरच्या व्हॅन इंजेन घराण्याचं नाव वाघ-बिबट्यांच्या टॅक्सिडर्मीसाठी, म्हणजे मेलेल्या जनावराची कातडी चढवून जिवंत भासेल असा नमुना करण्यासाठी, जगभर होतं. त्यांचा कारखाना १९९९ पर्यंत चालला. त्याच घराण्यातल्या द वेट व्हॅन इंजेन यांनी १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर गळाने काढला. ५४ किलोचा मासा! आजही महाशीर धरणारे तो आकडा तोंडपाठ म्हणतात. आणि जपानमध्ये तर याहून सोपी रीत. माशाच्या अंगाला शाई लावायची, वर कागद दाबायचा, ठसा घ्यायचा. ग्योताकू म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गळवाल्यांनी माशाचं माप नोंदवायला ती सुरू केली. त्या ठशात एक खवला कमी-जास्त होऊ शकत नाही. शाई आणि कागदाचा खर्च आपल्याकडे शंभर रुपयेही होणार नाही. मासा मरायला नको असेल तर मात्र ती जपूनच करावी लागते, कोरडा कागद त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओढून काढतो, म्हणून मी ती केली नाही.

मग खऱ्या कातडीचाच माउंट का केला नाही, असं विचाराल. त्याचं उत्तर माझ्या त्याच शिरपूरच्या मित्राच्या घरी टांगलेलं आहे.

त्याच्याकडे मरळीचा स्किन माउंट आहे, काही वर्षांपूर्वी बाहेरून करून आणलेला. भिंतीकडच्या बाजूने चीर देतात, कातडी सोलतात, आतलं मांस आणि चरबी खरवडतात, टाकणखार लावतात, फोमच्या आकारावर कातडी चढवून शिवतात, पंख पुठ्ठ्यात दाबून वाळवतात आणि काचेचा डोळा बसवतात. वाळल्यावर माशाचा मूळ रंग उडतो, कातडी मळकट तपकिरी होते. म्हणजे खऱ्या माउंटचाही रंग शेवटी ब्रशचाच. मित्राच्या मरळीच्या डोक्यामागे चरबी राहिली असावी. दोन उन्हाळ्यांनंतर तिथे तेलकट पिवळा डाग फुटला. मग पंखाच्या मुळाशी किडे लागले, कातडी आणि केस खाणारे बारीक भुंगे. श्रावणात खोलीत वास. जुन्या काळी यावर उपाय म्हणून कातडीला आर्सेनिकचा साबण लावत असत. कोणाच्या वाड्यात ब्रिटिश काळातलं पेंढा भरलेलं काही असेल तर ते उघड्या हाताने पुसू नका आणि पोरांना हात लावू देऊ नका.

पण त्या मरळीच्या कुशीवर जाळ्याचा जुना वळ आहे, कातडीतच उमटलेला. ती तीच मरळ आहे. माझा मित्र पाहुण्यांना तो वळ बोटाने दाखवतो आणि मला त्याचा हेवा वाटतो.

आमच्या घरात मात्र मेलेलं काही भिंतीवर चालणार नव्हतं. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मढं घरात टांगायचं नाही." फायबर आहे, मासा जिवंत धरणात आहे, हे समजावल्यावर तिने परवानगी दिली, देवघराच्या भिंतीवर नको, एवढी अट घातली. आपल्याकडे बऱ्याच घरांत हीच अडचण येणार, आणि तिथे रेप्लिकाला पर्याय नाही.

कायद्याचं थोडक्यात. रोहू, कतला, मरळ हे वन्यजीव कायद्याच्या सूचीत नाहीत, पण धरणाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे तिची परवानगी आणि पावती घेऊनच बसा. समुद्राकडचं मात्र काही उचलून आणू नका. व्हेल शार्क आणि करवत मासा २००१ पासून १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. करवत माशाची ती दातेरी करवत मुंबई-कोकणातून शोभेला म्हणून आणून लोक भिंतीला लावायचे, आज ती घरात सापडणं म्हणजे गुन्हा. आणि प्राण्यांची टॅक्सिडर्मी करायला परवाना लागतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून सरकारी टॅक्सिडर्मी केंद्र आहे, पण ते आपल्या रोहूसाठी नाही.

आता मे महिन्यातल्या शेपटीकडे वळतो. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको. भिंत पश्चिमेची, संध्याकाळी सातलाही हाताला चटका बसतो. दिवसा कूलर, म्हणजे खोलीत दमट वारा. रात्री कूलर बंद केला की पुन्हा कोरडी भट्टी. या तापण्या-निवण्यात शेपटी तडकली. कारण उघड आहे: धड फायबरच्या जाळीचं, पंख आणि शेपटी वेगळ्या ओतलेल्या रेझिनच्या, दोन्ही एकमेकांना चिकटवलेल्या. दोघं तापून सारखे फुगत नाहीत. सांधा बारीक असेल तर तोच उघडणार.

बनवणाऱ्याशी आठवडाभर वाद झाला. त्याचं म्हणणं, वॉरंटीत हवामान येत नाही. माझं म्हणणं, ऑर्डरवर पत्ता भुसावळचा होता. भुसावळला मे महिना येतो हे माल पाठवणाऱ्याला माहीत असायला हवं. शेवटी तो म्हणाला, मासा परत पाठवा, जाण्यायेण्याचं कुरिअर तुमचं, दुरुस्तीचे २,५०० वेगळे. मिश्यांचं विचारलं तर फोन ठेवला. ६,००० रुपये घालून चुकीचं तोंड घेऊन मासा परत येणार. मी नाही म्हटलं.

इथून पुढे रेप्लिकाबद्दलचं माझं मत बदललं.

गावाबाहेर गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. त्यातला एक कारागीर मंडळांसाठी कायम ठेवायच्या फायबरच्या मूर्तीही करतो. साचा, जेलकोट, जाळी, रेझिन, हार्डनर, कॉम्प्रेसरवरचा स्प्रे, वरून लॅकर: माशाला जे लागतं ते सगळं त्याच्याकडे रोज वापरात. मी मासा चादरीत गुंडाळून स्कूटरवर नेला. त्याने शेपटीचा सांधा पाहिला आणि म्हणाला, हे नुसतं चिकटवलंय, आत सळई नाही. त्याने दोन भोकं पाडून पितळेची बारीक तार आत घातली, वरून जाळीचा तुकडा, रेझिन, घासकाम. एका दुपारचं काम. गणपतीच्या सोंडेचा सांधाही आम्ही असाच घेतो, असं त्याने सांगितलं.

मग मी त्याला तोंड दाखवलं. त्याने माझा फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "फोटोवरून ओठ होत नाही दादा. खरा मासा आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारातून दीड किलोचा ताजा रोहू घेतला, बर्फासकट त्याच्यापुढे ठेवला. तो माणूस माळकरी, मासे खात नाही. पण त्याने तो रोहू हातात घेतला, ओठ बोटाने उलटा केला, झालर पाहिली, घडीतली मिशी शोधून काढली, आणि त्या छोट्या तोंडाकडे पाहत पाहत मोठ्या माशाचं तोंड घडवायला बसला. आधीच्या चार मिश्या कापल्या. पुढचं टोक घासून खाली घेतलं. पुट्टीने जाड ओठ केला, ओली असतानाच कोरणीने झालर कातरली. मिश्यांची जोडी धाग्यावर रेझिन चढवून केली आणि घडीत अर्धी लपवली. डोळ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं; त्याचं गेलं. रोहूच्या डोळ्यात लालसर झाक असते, आधीच्या माशात नुसता पिवळा काचमणी होता. त्याने कडेला पातळ लाल फिरवला. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी वर्षानुवर्षं करणाऱ्याचा हात तो.

सगळ्याचे १,२०० घेतले. मी जास्त देऊ केले, त्याने घेतले नाहीत. बाजारचा रोहू घरी आणला, काळ्या मसाल्याचा रस्सा केला, कळण्याची भाकरी. तो वाया गेला नाही.

खवले ३७ चे ४१ होणार नाहीत, पाठीवरची बुजवलेली जागाही हात लावला की कळते. ते मला कायम दिसत राहणार. पण आता खुर्चीवर बसून वर पाहिलं की ज्या ओठातून मी गळ काढला तो ओठ दिसतो. शिरपूरचा मित्र परवा येऊन गेला. वाकून पाहिलं, काही बोलला नाही, फोटो काढला आणि आपल्या मरळीच्या पंखाचं काम तिथे होईल का, ते विचारलं.

रेप्लिका घ्यावी का? घ्यावी. पावसाळा उलटला, माशाला ना वास आहे ना कीड, आई आठवड्याला ओल्या फडक्याने धूळ पुसते, लॅकर अजून पिवळं पडलेलं नाही. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र लावू नका. मी आता उत्तरेच्या भिंतीवर हलवला, मागे लाकडी पट्टी ठोकून, म्हणजे भिंत आणि मासा यांच्यात हवा राहते. ऑर्डर देताना साचा कोणत्या माशाचा आहे ते आधी विचारा आणि रंग चढवण्याआधी तोंडाचा, पाठीच्या पंखाचा फोटो मागवा. मापं मिशीपर्यंत लिहून द्या. "रोहू" एवढं लिहिलं की अंगावर रोहूचा रंग येतो, आत काय असेल ते सांगता येत नाही. पंखांच्या सांध्यात तार आहे का, तेही विचारा. नाही म्हणाले तर खान्देशासाठी घेऊ नका.

ज्या मंडळींना त्या कारागिराचा पत्ता हवा असेल त्यांनी निरोप पाठवा, त्याची परवानगी घेऊन देतो. पण दसऱ्यापर्यंत त्याच्याकडे जाऊ नका, गणपती झाले की लगेच देवीच्या मूर्ती असतात. दिवाळीनंतर जा, आणि जाताना त्याच जातीचा ताजा मासा बर्फात घेऊन जा.